चौदा खोडलेली नावं

१

गुरुवारी दुपारी चार वाजता कोरल ट्रेगेन्झाने संग्रहालयातल्या काचेच्या पेटीवरचं निळं कापड उचललं. आत दोन वस्तू असायला हव्या होत्या. एकच होती.

ऑस्ट्रेलियातल्या मरांबिल गावी जुन्या कोर्टाच्या इमारतीत हे संग्रहालय होतं. मेंढ्यांची लोकर कातरायच्या गंजक्या कात्र्या, पहिल्या टपाल कचेरीतला तराजू, महायुद्धावर गेलेल्या पोरांचे फोटो असा सगळा माल. चोरण्याजोगं काही नव्हतंच. पण तीन आठवड्यांपूर्वी शाळेतलं जुनं कपाट हलवताना मागच्या फळीआड दोन गोष्टी सापडल्या होत्या. एक होता १९४१ सालचा गावकऱ्यांचा अर्ज. ‘नदीकाठच्या काळ्या वस्तीतली मुलं आमच्या मुलांशेजारी बसू नयेत,’ अशी मागणी, आणि खाली एकेचाळीस सह्या. दुसरं होतं शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, चहाच्या ट्रेएवढं मोठं, जाड पुठ्ठ्याचं. त्यात त्याच वर्षीच्या तीन जूनला चौदा नावांवर लाल शाईने पट्टी लावून रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक नावासमोर एकच शेरा: ‘जिल्हा सोडून गेले.’

एकही मूल कुठे गेलं नव्हतं. जायला त्यांना दुसरी जागा तरी कुठे होती!

अर्ज जागच्या जागी होता. रजिस्टर नव्हतं. कुलूप मात्र व्यवस्थित लावलेलं होतं, आणि वरचं कापडसुद्धा चारी कोपरे जुळवून घातलेलं होतं.

“ऑड्री!” कोरलने हाक मारली.

ऑड्री किन्सेला आतल्या खोलीतून कपबशा पुसत बाहेर आली. दर गुरुवारी एक ते चार संग्रहालय तिच्या ताब्यात असे. बासष्ट वर्षांची, नीटनेटकी, गळ्यात मोत्यांची माळ. गावातली कुठलीही शोकसभा किंवा लग्न तिच्या हातच्या केकशिवाय पार पडत नसे. तिने पेटीत पाहिलं आणि हातातली बशी टेबलावर ठेवली.

“अगं बाई. तू घरी नाही नेलीस?”

“मी कशाला नेऊ? शनिवारी डल्सीमावशी बोलणार त्या वहीच्या जोरावर!”

शनिवारी गावाला सव्वाशे वर्षं पुरी होत होती. हॉलमध्ये सभा, गावाच्या इतिहासाच्या पुस्तकाचं प्रकाशन, आणि मग नदीकाठच्या आदिवासी वस्तीतल्या डल्सी गिब्सची पाच मिनिटं. ती पाच मिनिटं मिळवायला कोरलला इतिहास मंडळात दोन महिने भांडावं लागलं होतं. तीस वर्षं या भागात नर्स म्हणून गाडी फिरवलेली बाई ती, भांडायला घाबरणारी नव्हती.

“आज कोण कोण आलं होतं?” तिने विचारलं.

ऑड्रीने जरा घुटमळून दाराकडे पाहिलं.

“तुला सांगू नकोस म्हणाला होता. नेव्हिल आला होता अडीच वाजता. पेटीची किल्ली मागून घेतली त्याने.”

२

नेव्हिल पर्टेल मंडळाचा अध्यक्ष, शनिवारच्या पुस्तकाचा लेखक, आणि ज्या हेडमास्तरने ती लाल रेघ मारली त्याचा सख्खा नातू. कोरल त्याच्या घरी पोचली तेव्हा तो व्हरांड्यात पुस्तकांचे गठ्ठे सोडत होता.

“वही कुठाय, नेव्हिल?”

“कुठली वही?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. अडीच वाजता किल्ली कशाला घेतलीस?”

नेव्हिलचे कान लाल झाले. “काचेवर धूळ होती. पुसायला.”

“तू? धूळ पुसायला?”

“हे बघ कोरल,” तो दोरीचा गुंडाळा करत म्हणाला, “वही गेली याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या पुस्तकात जे आहे ते आहे. नदीकाठच्या लोकांनी आपल्या खुशीने पोरं मिशनच्या शाळेत घातली.”

“आणि अर्ज?”

“अर्ज झाला, कबूल. लोक अर्ज करतातच. त्यावर पुढे काही झालं, याला आता पुरावा काय? डल्सी तेव्हा नऊ वर्षांची होती. नऊ वर्षांच्या पोरीच्या आठवणीवर मी गावाला गुन्हेगार ठरवू?”

“तुझ्या आजोबांना, असं म्हण.”

नेव्हिलच्या बोटांभोवती दोरी इतकी घट्ट आवळली होती की टोकं पांढरी पडली होती. कोरलच्या डोळ्यांना असे हात ओळखीचे होते. आजार लपवणारी माणसं डॉक्टरसमोर अशीच बसत.

पोलीस चौकीतल्या कॉन्स्टेबलने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “जुनी वही ना? कुणीतरी वाचायला नेली असेल. सोमवारी बघू.”

सोमवारी बघून उपयोग नव्हता. तरी कोरलने घरी जाता जाता संग्रहालयासमोरच्या खाटकाच्या दुकानात डोकावलं. खाटीक केव्हिन दिवसभर खिडकीपाशी उभा राहून चॉप्स तोडायचा आणि रस्त्यावर कोण काय करतं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

“नेव्हिल? बघितलं की. आत गेला, दोन मिनिटांत बाहेर. नुसता शर्ट-चड्डी, हात मोकळे. मग तिथे बाकावर बसून राहिला धा मिनिटं. तोंड असं, जसं काही भूत बघितलंय.”

हात मोकळे. आणि ती वही शर्टाखाली लपण्याइतकी लहान नव्हती.

३

शुक्रवारी सकाळी कोरल नदीकाठी गेली. डल्सी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. पासष्ट वर्षांची, रुंद खांद्यांची, मधुमेहाने पाय सुजलेले. नदीकाठची सगळी लहानथोर मंडळी तिला मावशी म्हणत, आणि कोरलही म्हणे. डल्सी तिला सिस्टर म्हणायची, पहिल्या इंजेक्शनपासून.

“मावशी, वाईट बातमी आहे.”

“वही गेली. कळलं.” डल्सीने मुठीतले उरलेले दाणे एकदम टाकून दिले. “जाऊ द्या.”

“जाऊ द्या? मी नेव्हिलला सोडणार नाही. आज दिवसभरात–”

“सिस्टर. शोधू नका.”

हीच बाई बुधवारी संग्रहालयात ती वही बघायला आपणहून आली होती. छप्पन्न वर्षं लोक तिला खोटी ठरवत आले होते, आणि तिथे तिचं नाव होतं, तारीख होती. तिने बोट ठेवून ते वाचलं होतं. मग बोट खालच्या ओळीवर घसरलं आणि तिथेच थांबलं. ‘एडा गिब्स, वय सहा.’

“तुमची बहीण?” कोरलने तेव्हा विचारलं होतं.

“होती,” डल्सी म्हणाली होती, आणि प्यायला पाणी मागितलं होतं.

आता ती दाण्यांचा डबा काखेत धरून दारात उभी होती आणि कोरलला आत बोलावत नव्हती. असं आजवर कधी झालं नव्हतं.

“मी उद्या बोलेन,” ती म्हणाली. “वहीशिवाय बोलेन. हसले तर हसू दे. हसण्याची मला सवय आहे.”

“तुम्हाला कुणी धमकावलंय का?”

“नाही.”

“मग कुणाला वाचवताय?”

डल्सी वळून आत गेली. जाळीचं दार तिच्यामागे धाडकन लागलं.

४

रॉस मॅबट जनावरांच्या बाजारात मेंढ्या ट्रकवर चढवत होता. गावातला लिलाव पुकारणारा, नगरपरिषदेचा सभासद, आवाज असा की तीन वाड्या पलीकडे ऐकू जावा. अर्जावरची पहिलीच सही त्याच्या बापाची. तीनच दिवसांपूर्वी त्याने दारूच्या गुत्त्यात टेबलावर मूठ आपटून ‘ती वही चुलीत घाला’ असं जाहीर केलं होतं.

“आलात? मी वाटच बघत होतो,” तो कुंपणावरून म्हणाला. “काल नऊ ते पाच मी इथे उभा राहून बोंबलत होतो. चारशे माणसांनी ऐकलंय. विचारा कुणालाही. मेंढ्यांनासुद्धा विचारा.”

“तुमच्या माणसाला पाठवलं असेल.”

“बाई, तुम्ही नर्स होतात तेव्हा बऱ्या होतात.” रॉस हसला, पण डोळे हसले नाहीत. “डोकं चालवा की जरा. माझ्या बापाची सही कशावर आहे? अर्जावर. मला चोरायचंच असतं तर मी अर्ज चोरला नसता? तो तिथेच पडलाय ना अजून? अर्जवाले आम्ही. वहीवाला पर्टेल.”

कोरल गाडीत बसली पण तिने गाडी सुरू केली नाही. रॉस मॅबटचं म्हणणं तिला पटावं हे तिला अजिबात आवडलं नव्हतं. पण माणूस बरोबर बोलला होता. ज्याला सही करणाऱ्यांची अब्रू झाकायची तो अर्ज उचलेल. वही उचलणाऱ्याला सह्यांशी कर्तव्य नव्हतं. वहीत दोनच गोष्टी होत्या. हेडमास्तरचं अक्षर आणि चौदा पोरांची नावं.

म्हणजे पुन्हा नेव्हिल. आणि नेव्हिल तर मोकळ्या हातांनी बाहेर पडला होता.

ती सरळ हॉलवर गेली. तिथे ऑड्री उद्याच्या चहाच्या टेबलांवर पांढरी कापडं अंथरत होती. कोरल तिच्यासोबत कापडाची टोकं ओढायला लागली. मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून ती आपली बोलत राहिली.

“चौदा पोरं गं ऑड्री. एका सकाळी. घरी जा म्हणून सांगितलं असेल, आणि काय.”

“हो ना,” ऑड्री म्हणाली. “आणि त्याआधी तरी काय मोठं सुख होतं? वर्गात मागे जमिनीवर बसवायचे. सुट्टीत त्यांचं बाक वेगळं, कुंपणाजवळच्या त्या मिरीच्या झाडाखाली. इतरांना तिथे बसायची मनाई, आणि त्यांना दुसरीकडे. ती पानं चुरली की बोटांना दिवसभर वास राहायचा. भाकरीलासुद्धा लागायचा.” तिने कापडावरची सुरकुती तळहाताने दाबली. “बिचारी पोरं.”

“मला नव्हतं बाई माहीत,” कोरल म्हणाली.

“सगळ्यांना माहीत आहे ते,” ऑड्री घाईने म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळली.

कोरलला मात्र काहीतरी खुपायला लागलं होतं. तिने तीस वर्षांत त्या शाळेच्या पोरांना लशी टोचल्या होत्या. अंगणाचा कोपरा न् कोपरा तिला ठाऊक होता. तिथे मिरीचं झाड नव्हतं.

५

“नव्हतं कसं?” नेव्हिल म्हणाला. “चांगलं मोठं होतं. कुंपणापाशी. आजोबांनी बेचाळीस साली तोडून घेतलं. जपानी विमानं येतील म्हणून पोरांसाठी खंदक खणले ना, त्या जागेत ते येत होतं. पण तुला आत्ता झाड कशाला हवंय?”

तो हॉलच्या मागच्या पायरीवर बसला होता, मांडीवर उद्याचं भाषण. रात्रभर झोपला नसावा. कोरल त्याच्या शेजारी बसली.

“नेव्हिल, केव्हिनने तुला मोकळ्या हातांनी बाहेर पडताना बघितलंय. वही तू नेली नाहीस. पण न्यायला आला होतास.”

त्याने कागदांची घडी घालून ती खिशात ठेवली.

“त्यांनी मला मासे धरायला शिकवलं, कोरल. माझं बोट धरून चर्चला न्यायचे. आणि ते खोटं त्यांच्या हाताने लिहिलेलं. इतकं सुंदर अक्षर.” त्याने डोळे पुसले. “म्हटलं, आठवडाभर घरी ठेवतो. शनिवार गेला की परत आणून ठेवतो. किल्ली लावली, झाकण उचललं, तर आत वही नव्हतीच. आता ओरडू तर मी पेटी का उघडली ते सांगावं लागणार. म्हणून कुलूप लावलं न् निघून आलो.”

“अडीचला नव्हती?”

“नव्हती.”

आणि एक वाजता होती. कोरलने स्वतः ऑड्रीच्या हवाली संग्रहालय केलं तेव्हा दोघींनी मिळून पेटी पुसली होती. मधल्या दीड तासात पाहुण्यांच्या वहीत एकही नाव नव्हतं.

पण ऑड्री कशाला नेईल? तिच्या नवऱ्याचं, क्लेम किन्सेलाचं, घराणं या भागात आलंच अठ्ठेचाळीस साली. अर्जावर त्यांची सही असणं शक्य नव्हतं. ऑड्री स्वतः तर एकोणसाठ साली लग्न होऊन आली, दूरच्या लिथगो शहरातून. तिला त्या वहीशी काय देणंघेणं?

कोरलने बोटांवर सालं मोजून पाहिली.

एकोणसाठ साली आलेली बाई बेचाळीस साली तोडलेल्या झाडाच्या पानांचा वास सांगत होती. ऐकीव म्हणावं, तर गोऱ्या पोरांना त्या बाकावर बसायची मनाईच होती. भाकरीला तो वास लागतो हे तिथे बसून जेवलेल्यालाच कळणार. वही नेली हेडमास्तरचं नाव झाकण्यासाठी नाही, तर राहिली चौदा पोरं. त्यातलं आज गावात कोण होतं? एक डल्सी. आणि तिच्या खालच्या ओळीवर एक बहीण, जी ‘होती’. मेली असं डल्सी म्हणालीच नव्हती. कोरलने आपल्या मनाने तिला मारून टाकलं होतं.

मंगळवारच्या बैठकीत आपण काय बोललो होतो तेही तिला आठवलं. ‘चौदाही नावं भिंतीवर लावू या. सिडनीच्या विद्यापीठातली एक बाई मदत करणार आहे. एकेका पोराचा माग काढू, पुढे काय झालं, कुठे गेली, लग्न कुणाशी केलं, सगळं.’ फार उत्साहाने बोलली होती. तेव्हा ऑड्री सगळ्यांना चहा ओतत होती, आणि कोरलच्या बशीत थोडा सांडला होता.

६

किन्सेलांचं घर गावापासून वीस किलोमीटरवर. क्लेम मेंढ्यांमागे गेला होता. ऑड्री दोरीवरचे कपडे काढत होती. कोरलची गाडी बघून तिने चादर घडी न घालताच टोपलीत टाकली.

“मिरीचं झाड बेचाळीस साली तोडलं, ऑड्री.”

ऑड्रीने डोळे मिटून घेतले. तिला फार विचारावं लागलं नाही. ती आत गेली आणि उशांच्या अभ्र्यांच्या कपाटातून वही घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि समोर बसली, दोन्ही हात पुठ्ठ्यावर.

“जाळणार होते. काल घरी आल्या आल्या चुलीचं दार उघडलं होतं.”

“मग?”

तिने पान उघडलं. लाल रेघेखाली नाव, वय, आणि पालकाच्या रकान्यात वेड्यावाकड्या अक्षरांतली एक सही.

“आईला लिहिता येत नव्हतं. आम्हाला शाळेत घालायचं म्हणून महिनाभर राखेवर गिरवून नाव शिकली होती. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही गं. फोटोसुद्धा नाही.”

मग तिने सांगितलं. शाळेतून काढल्यावर महिन्याभरात सरकारचा माणूस वस्तीवर यायला लागला. उजळ रंगाची पोरं तो आधी उचलायचा, आईबापांपासून तोडून सरकारी आश्रमात टाकायला. एडा उजळ होती. आईने तिला पाठीशी बांधलं आणि मालगाडीने लिथगोला पळाली. डल्सीला आजीपाशी ठेवली, वसंतात परत येते म्हणून. येता आलं नाही. तिथे खोलीवालीला सांगितलं, आम्ही स्पॅनिश. एडाची ऑड्री झाली. घरात बहिणीचं नाव काढायचं नाही असा नियम झाला.

“आणि तरी तू इथे लग्न करून आलीस?”

“ऑरेंज गावच्या नाचात भेटला क्लेम. शेताचं नाव सांगितलं त्याने, गावाचं नाही. कळलं तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या.” ती थांबली. “खरं सांगू? कळल्यावर मला आनंद झाला. म्हटलं, ती दिसेल तरी.”

“बोललीस कधी?”

“‘गुड मॉर्निंग, मिस गिब्स.’ अडतीस वर्षं. खाटकाच्या दुकानात, टपालात. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं मला. माझ्याकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. माझ्यासाठी गेली, कोरल. माझा मुलगा काय काय बोलतो नदीकाठच्या लोकांबद्दल, माहितीय ना तुला? माझ्या टेबलावर बसून, माझ्या हातचं जेवत बोलतो. आणि मी त्याला वाढते.”

बाहेर कुत्री भुंकायला लागली. क्लेमचा ट्रक फाटकातून आत येत होता. ऑड्रीने वही पटकन छातीशी धरली.

“सोमवारी आणून देते. शपथ. फक्त उद्याचा दिवस जाऊ दे.”

कोरलने आयुष्यात पुष्कळांची गुपितं सांभाळली होती. कुणाचं मूल कुणाचं, कुणाच्या अंगावरचे वळ कशाचे. एकदा तोंड उघडलं असतं तर निम्मं गाव उभं फाटलं असतं. पण त्यातल्या कुठल्याच गुपिताची किंमत तिसरंच माणूस भरत नव्हतं. उद्या त्या व्यासपीठावर डल्सी उभी राहणार होती, रिकाम्या हातांनी.

“डल्सीने मला शोधू नका म्हणून सांगितलंय,” कोरल उठत म्हणाली. “ती आजही रस्ता ओलांडतेय तुझ्यासाठी. वही इथे ठेवून जाते मी. नेणं माझ्या हातून होत नाही, आणि ठेवणंही बरोबर वाटत नाही.”

दारात क्लेमने टोपी काढून तिला नमस्कार केला आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणाला. कोरलने कसलंसं निमित्त सांगितलं. ती गाडीत बसली आणि निघाली.

७

शनिवारी हॉल खच्चून भरला. भिंतीच्या कडेनेही माणसं उभी होती. व्यासपीठावर चढण्याआधी डल्सीने कोरलला बाजूला घेतलं.

“सापडली ना?”

कोरलने होकारार्थी मान डोलावली.

“तरी आणली नाहीत. बरं केलंत, सिस्टर.”

नेव्हिलने पुस्तकातलं एक पान वाचलं. ‘आपल्या खुशीने’ या वाक्याशी आला तेव्हा अडखळला, पण वाचून टाकलं. मग डल्सी उभी राहिली. कागद नव्हता. तिने तीन जूनची सकाळ सांगितली. हेडमास्तरने दारात उभं राहून नावं कशी पुकारली, दप्तरं कशी बाहेर ठेवली, आणि वाटेत कुणाला काही विचारायचं सुचलंच नाही, ते सांगितलं. पहिल्या रांगेतली माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती.

“माफ करा हं,” मागून रॉस मॅबटचा आवाज आला. “दुःख आहे, मान्य. पण कुणीही उठावं न् काहीही सांगावं, याला इतिहास म्हणायचं का? पुरावा आहे काही?”

कोरलने नेव्हिलकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण त्यातून शब्द निघायच्या आत चहाच्या टेबलापाशी काहीतरी खणखणलं. ऑड्रीने किटली खाली ठेवली होती. तिने कमरेचा एप्रन सोडला, टेबलाखालची पिशवी उचलली आणि मधल्या वाटेने पुढे चालत आली. चालताना ती कुणाकडे बघत नव्हती. व्यासपीठाच्या कडेवर तिने रजिस्टर ठेवलं आणि नेमकं पान उघडलं.

“वही मी चोरली,” ती म्हणाली. आवाज लहान होता, पण हॉलमध्ये दुसरा आवाजच नव्हता. “हेडमास्तरांचं अक्षर इथे आहे, ज्याला बघायचं त्याने बघावं. बाविसावा नंबर डल्सी गिब्स. तेविसावा एडा गिब्स. एडा म्हणजे मी. मी त्या वर्गात होते, रॉस. तिने सांगितलं ते सगळं खरं आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. चौथ्या रांगेत क्लेम किन्सेला उभा राहिला, टोपी दोन्ही हातांत. ऑड्रीकडे बघत काही क्षण तसाच थांबला, आणि मग रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत बाहेर निघून गेला. त्याच्यामागे त्यांचा मुलगा गेला, सून गेली. नेव्हिल सावकाश उठून वहीपाशी आला, वाकून त्याने त्या लाल रेघा पाहिल्या आणि माईकमध्ये म्हणाला, “माझ्या पुस्तकातलं पान चुकीचं आहे. हे आजोबांचंच अक्षर.” रॉस तोवर दारापाशी पोचला होता.

सभा तशीच विसकटली. लोक चहा न घेता गेले. ज्यांनी घेतला ते ऑड्रीच्या टेबलापासून जरा लांबच उभे राहिले. केव्हिन खाटीक तेवढा पुढे आला, तिचा हात हातात घेऊन हलवला, आणि परत गेला.

अर्ध्या तासाने कोरल वही छातीशी धरून बाहेर आली. क्लेमच्या ट्रकची जागा रिकामी होती. ऑड्री हॉलच्या भिंतीला टेकून उभी होती, पर्स दोन्ही हातांत घट्ट धरून, बसस्टॉपवर चुकीच्या वेळी आलेल्या बाईसारखी. डल्सी सुजलेले पाय ओढत तिच्यासमोर जाऊन थांबली. कोरलला वाटलं, आता मिठी मारतील. तसलं काही झालं नाही.

“कोणी सांगितलं होतं तुला बोलायला?” डल्सी म्हणाली. “अडतीस वर्षं मी तोंड शिवून बसले ती कशासाठी? आता कुठे जाशील? घर गेलं तुझं.”

“माहीत नाही.”

“मूर्ख आहेस.”

“हो.”

डल्सी दम घेत राहिली. शेवटी तिने जमिनीकडे बघत विचारलं, “आई कुठाय?”

ऑड्रीचं तोंड वेडंवाकडं झालं. “लिथगोला. त्रेसष्ट साली गेली. टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. दगडावर नाव खोटं आहे, ताई. स्पॅनिश नाव आहे.”

“शेवटी काही म्हणाली?”

“गाडी कितीला आहे, विचारत होती. मरांबिलची.”

डल्सीने मान वळवली आणि रिकाम्या रस्त्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग ती कोरलकडे वळली.

“सिस्टर, लिथगो किती लांब?”

“पाच तास लागतील.”

“तुमच्या गाडीत पेट्रोल आहे?”

कोरलने मागचं दार उघडलं. आधी डल्सी बसली, पाय आत घ्यायला तिला वेळ लागला. ऑड्री बाहेरच उभी होती, बसू की नको अशी.

“ये ना,” डल्सी आतून म्हणाली, आणि पलीकडे सरकली.